मूळ इंजिनाचे मोल

१९९० सालच्या जुलै महिन्यात लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी एका मोटारीविषयी निकाल दिला. मोटार बेंटली कंपनीची, ‘स्पीड सिक्स’ जातीची. तिचे नाव ‘ओल्ड नंबर वन’. फ्रान्समधल्या ल माँ गावची चोवीस तासांची शर्यत तिने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली होती. साठ वर्षांनी तिच्या मालकाने ती १ कोटी पौंडांना विकण्याचा व्यवहार ठरवला आणि ऐनवेळी खरेदीदार कंपनीने पाय मागे घेतला. कंपनीचे म्हणणे असे की, शर्यत जिंकणारी गाडी ही नव्हेच. मधल्या काळात तिचे बहुतेक सगळे भाग बदललेले आहेत. इंजिन तर वेगळ्याच मॉडेलचे आहे. मग ही ‘ओल्ड नंबर वन’ कशी?

वाद पैशाचा होता, पण न्यायालयापुढे आलेला प्रश्न फार जुना होता. वस्तूचे भाग एकेक करून बदलत गेले, तर वस्तू तीच राहते का? ग्रीकांनी तो थिसियसच्या जहाजाबद्दल विचारला. आपल्याकडे मिलिंद राजा आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात तो रथाच्या निमित्ताने येतो. चाके म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, जू म्हणजेही रथ नव्हे. मग राजा ज्यात बसून आला तो रथ कोणता? नागसेनाच्या रथाला गिऱ्हाईक लागलेले नव्हते, म्हणून तो प्रश्न निवांतपणे सोडवता आला. जुन्या मोटारींच्या बाजारात मात्र त्याच प्रश्नाच्या उत्तरावर पैशाच्या राशी इकडच्या तिकडे होतात. आणि सगळ्यात जास्त वाद होतो तो एका भागावरून. तो भाग म्हणजे इंजिन.

जुन्या गाडीत तिचे मूळचे इंजिन नसेल, तर तिची किंमत किती उतरते? अमेरिकेतले किंवा इंग्लंडमधले दलाल याचे ढोबळ उत्तर देतात: पाचव्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. पण हा पट्टा इतका रुंद का, हे समजून घेतल्याशिवाय त्या उत्तराला अर्थ नाही. मुळात त्या गाडीला किंमत कशामुळे आली, यावर ते अवलंबून असते. काही गाड्यांत इंजिन हाच किमतीचा आधार असतो. काहींत तो गाडीच्या चरित्रातला एक प्रसंग असतो. आणि काही ठिकाणी, विशेषतः आपल्या देशात, बदललेले इंजिन हा एका काळाचा दस्तऐवज असतो. या तिन्हींना एकच माप लावले की घोटाळा होतो.

बदलायचीच वस्तू

आज ज्यांना आपण ‘क्लासिक’ म्हणतो त्या गाड्या नव्या होत्या, तेव्हा इंजिनाला कोणी पवित्र मानत नव्हते. तो झिजणारा भाग होता. सिलिंडरच्या भिंती झिजत, पिस्टनच्या रिंगा जात, बेअरिंगे वाजू लागत. थंड देशांत हिवाळ्याची काळजी घ्यायची राहिली, की इंजिनातल्या पाण्याचा बर्फ होऊन ओतीव लोखंडाचा ब्लॉक तडकत असे. शर्यतीत कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येणे ही नवलाची गोष्ट नव्हती. मग एक तर इंजिन खोलून बोअर करायचे, नाहीतर सरळ दुसरे बसवायचे. जर्मनीत फोक्सवॅगनच्या गिऱ्हाइकाला आपले थकलेले इंजिन देऊन त्या बदल्यात नव्याने बांधलेले इंजिन घेता येई. मालकाच्या दृष्टीने ती सोय होती. आपण गाडीचे मोल कमी करत आहोत, असा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

इंग्लंडमध्ये जॅग्वारने १९४८ साली जगापुढे आणलेले ‘एक्सके’ इंजिन पुढे चार दशकांहून अधिक काळ बनत राहिले. १९६१ च्या देखण्या ‘ई-टाइप’मध्ये तेच घराणे होते आणि ‘एक्सजे-६’ या प्रशस्त चार दारी गाडीतही तेच. त्यामुळे ई-टाइपचे इंजिन गेले की भंगारातल्या एक्सजे-६ चे इंजिन उचलून बसवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होता. बॉनेट उघडून पाहणाऱ्यालाही चटकन फरक कळला नसता.

अमेरिकेत तर याहून मोठी उलथापालथ झाली. १९५० आणि ६० च्या दशकांत तिथे फेरारीच्या कितीतरी थकलेल्या शर्यती गाड्यांमध्ये शेव्हरोलेचे व्ही-८ इंजिन बसवले गेले. फेरारीचे बारा सिलिंडरचे नाजूक इंजिन दुरुस्त करायचे तर इटलीहून भाग मागवा, जाणता कारागीर शोधा. शेव्हरोलेचे इंजिन कोणत्याही गावात मिळे आणि कोणत्याही गॅरेजात दुरुस्त होई. कालची शर्यती गाडी म्हणजे तेव्हा निव्वळ जुनी गाडी होती. काढलेले फेरारी इंजिन कुठेतरी पडून राही, कोणाला तरी दिले जाई, कधी एखाद्या बोटीत जाऊन बसे.

आकडे बोलू लागतात

परिस्थिती पालटली ती १९७० च्या दशकापासून, जुन्या गाड्या जमवणे हा छंदाबरोबर व्यवहारही होऊ लागला तेव्हा. अमेरिकेत ‘मॅचिंग नंबर्स’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. गाडीवरचे आणि इंजिनावरचे आकडे एकमेकांशी जुळले, तर इंजिन त्याच गाडीचे, नाहीतर उपरे.

हे आकडे येतात कुठून, ते शेव्हरोले कॉर्व्हेटच्या उदाहरणातून पाहू. १९६० च्या दशकात कॉर्व्हेटची जुळणी मिसूरी राज्यातल्या सेंट लुईस येथे होई. मोठी व्ही-८ इंजिने न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा गावच्या कारखान्यातून येत आणि लहान मिशिगनमधल्या फ्लिंटहून. ब्लॉक ओततानाच त्यावर ओतकामाचा क्रमांक आणि तारीख उठे. इंजिन जुळून तयार झाले की त्याच्या पुढच्या बाजूच्या एका लहानशा सपाट जागेवर कारखान्याचे अक्षर, महिना, दिवस आणि इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरे ठोकत. पुढे सेंट लुईसमध्ये त्याच जागेवर गाडीच्या अनुक्रमांकाचे शेवटचे आकडे ठोकले जात. म्हणजे इंजिनाचे जन्मगाव, जन्मतारीख आणि ते कोणत्या घरात दिले गेले, हे सगळे दोन बोटे रुंदीच्या पट्टीवर वाचता येते.

या पट्टीला इतके महत्त्व का आले? १९६७ साली कॉर्व्हेट घेणाऱ्याला ‘एल८८’ नावाचे खास इंजिन मागवता येत होते. कंपनीने त्याची ताकद ४३० अश्वशक्ती सांगितली होती. प्रत्यक्षात ती ५०० च्या वर होती. ते शर्यतीसाठीच असल्यामुळे रोजच्या गिऱ्हाइकाने ते घेऊ नये, अशी कंपनीची इच्छा होती. त्या वर्षी अशा फक्त २० गाड्या बनल्या. जानेवारी २०१४ मध्ये त्यांतली एक अॅरिझोनातल्या लिलावात ३८ लाख ५० हजार डॉलरला गेली. त्याच वर्षाची, तशीच दिसणारी साधी कॉर्व्हेट या रकमेच्या पासंगालाही पुरत नाही.

इथे एक बारीक तपशील ध्यानात घ्यायला हवा. १९६७ च्या कॉर्व्हेटच्या अनुक्रमांकात इंजिनाचा प्रकार लिहिलेला नसतो. ती पद्धत १९७२ पासून सुरू झाली. त्यामुळे एखादी गाडी एल८८ म्हणून जन्मली की साधी म्हणून, हे सांगणारे साक्षीदार दोनच: विक्रीच्या वेळचे कागद आणि इंजिनावरचा तो ठसा. कागद बहुधा हरवलेले. म्हणजे जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्याचे जे काम, ते इथे इंजिन करते. अशा गाडीतून मूळ इंजिन गेले, तर एक भाग गेला असे होत नाही. गाडी दुर्मिळ असल्याचा पुरावाच जातो. याउलट त्याच काळची साधी चार दारी शेव्हरोले घ्या, जिची लाखो भावंडे त्याच इंजिनासह बनली. तिच्यात त्याच जातीचे दुसरे इंजिन असले, तर खरेदीदार थोडी घासाघीस करील, एवढेच. दलालांचा पट्टा रुंद असण्याचे पहिले कारण हे.

खोट्या ठशांचा धंदा

जिथे एका ठशावर गाडीची निम्मी किंमत ठरते, तिथे खोटे ठसे येणारच. योग्य तारखेचा ब्लॉक शोधायचा, त्यावरचे जुने आकडे घासायचे आणि हव्या त्या गाडीचे आकडे त्या काळच्या वळणाच्या पंचाने ठोकायचे, असा हा उद्योग. तो ओळखण्याची विद्याही मग वाढली. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग एका विशिष्ट यंत्रावर कापला जाई आणि त्यावर एकाच दिशेने जाणाऱ्या बारीक रेषा उमटत. आकडे त्या रेषांच्या वर ठोकलेले असत. नंतर कोणी पृष्ठभाग घासला, तर त्या रेषा नाहीशा होतात किंवा दुसऱ्याच वळणाच्या दिसतात. १९७४ साली स्थापन झालेल्या कॉर्व्हेटमालकांच्या राष्ट्रीय संघटनेचे परीक्षक भिंग घेऊन त्या रेषा पाहतात. पोलिसांच्या प्रयोगशाळांची युक्ती याहून खोल जाते. पंच ठोकला की आकड्याखालचा धातू दाबला जातो. वरचा आकडा घासून टाकला, तरी तो दाब खाली राहतो. त्यावर आम्लाची प्रक्रिया केली की पुसलेला आकडा कधी कधी पुन्हा दिसू लागतो.

पण या व्यवस्थेत एक विचित्र अन्यायही आहे. शेव्हरोलेच्या इंजिनावर आकड्यांची ती पट्टी ब्लॉकच्या ज्या पृष्ठभागावर आहे, त्याच पृष्ठभागावर सिलिंडर हेड बसते. इंजिन तापून तो पृष्ठभाग वाकला, तर प्रामाणिक कारागीर तो मशीनवर सपाट करून देई. तसे करताना पट्टीवरचे आकडेही जात. म्हणजे जन्मापासून त्याच गाडीत असलेले इंजिन आज निनावी ठरते आणि कालपरवा ठोकलेले खोटे इंजिन, कोणी पकडले नाही तर, ‘मूळ’ म्हणून मिरवते. बाजार ज्याला मूळपणा म्हणतो तो पुष्कळदा पुराव्याचा मूळपणा असतो, वस्तूचा नव्हे. ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. या बाजाराने नेमका तोच शोध हा धंदा केला आहे.

न्यायमूर्तींनी काय ठरवले

आता ‘ओल्ड नंबर वन’कडे वळू. १९२९ मध्ये वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांनी, १९३० मध्ये बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी तिला विजयी केले. तेव्हा तिचे इंजिन साडेसहा लिटरचे होते. १९३१ साली बेंटली कंपनी बुडाली आणि रोल्स-रॉइसने ती विकत घेतली. गाडी मात्र धावत राहिली. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या पाचशे मैलांच्या शर्यतीसाठी तिच्यात बेंटलीचेच आठ लिटरचे मोठे इंजिन बसवले गेले. त्या शर्यतीत क्लाइव्ह डनफी गाडी चालवत असताना ती उतरत्या वळणाच्या कठड्यावरून बाहेर गेली आणि तो जागीच ठार झाला. त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली आणि तिच्यावर बंद छताची बॉडी चढली.

कॉर्व्हेटचा न्याय लावला असता, तर खरेदीदार कंपनी जिंकली असती. १९२९ साली जिंकलेल्या गाडीतले अगदी थोडे तुकडे उरले होते, हे न्यायालयानेही मान्य केले. पण न्यायमूर्तींनी शब्दांचा नीट विचार केला. ‘मूळ’ म्हणजे कारखान्यातून निघाली त्या रूपात असलेली गाडी, असा अर्थ घेतला, तर शर्यतीच्या जगात तशी गाडी जवळपास सापडणार नाही, कारण शर्यती गाडीचे भाग बदलतच असतात. म्हणून ‘मूळ’ हे विशेषण त्यांनी या गाडीला दिले नाही. मात्र ती ‘अस्सल’ आहे, असे त्यांनी ठरवले. भाग बदलले ते एकदम नव्हे, हळूहळू. प्रत्येक नवा भाग चालत्या गाडीत सामावला गेला. तिची ओळख मध्ये कुठे तुटली नाही. आणि ‘ओल्ड नंबर वन’ या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी कोणतीही गाडी अस्तित्वात नाही. निकाल विक्रेत्याच्या बाजूने लागला.

हा निकाल वाचताना नागसेनाची आठवण होते. त्यानेही रथ कोणत्याही एका भागात नाही, पण सगळ्या भागांच्या मेळातून ‘रथ’ हे नाव खरे ठरते, असेच सांगितले होते. पण किमतीच्या दृष्टीने या निकालातले महत्त्वाचे कलम वेगळे आहे. आठ लिटरचे ते इंजिन या गाडीत उपरे ठरले नाही, कारण ते तिच्या शर्यतीच्या आयुष्यातच, तिच्या माणसांनी, जाहीरपणे, शर्यत जिंकण्यासाठी बसवले होते. त्या इंजिनावर एक मृत्यूही नोंदलेला आहे. ते काढून साडेसहा लिटरचे ‘बरोबर’ इंजिन बसवले असते, तर गाडी १९२९ च्या जवळ गेली नसती. १९३२ पासून मात्र दूर गेली असती.

हरवलेल्या इंजिनाचा शोध

फेरारीच्या गाड्यांत या दोन्ही विचारांची सरमिसळ दिसते. १९६२ ते १९६४ या काळात बनलेल्या ‘२५० जीटीओ’ या फक्त ३६ गाड्या. त्या शर्यती गाड्या आहेत, म्हणजे त्यांना चरित्र आहे. आणि त्या दुर्मिळ आहेत, म्हणजे त्यांना पुरावाही लागतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये त्यांतली एक कॅलिफोर्नियात ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. तिच्या वर्णनात लिलावगृहाने आवर्जून सांगितलेली गोष्ट म्हणजे तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल जन्मापासूनचेच आहेत. दुसऱ्या एका जीटीओचा व्यवहार २०१७ मध्ये ४ कोटी ४० लाख डॉलरला झाला, तेव्हा तिचा मूळ गिअरबॉक्स गाडीत नव्हता. अमेरिकेत तिसऱ्याच माणसाकडे होता. तो मिळवून देण्यावरून झालेले भांडण २०२० मध्ये लंडनच्या न्यायालयात पोचले. दातेरी चाकांच्या एका पेटीसाठी दोन धनिक न्यायालयात जातात, हे ऐकायला गमतीचे वाटते. पण त्यामागचा हिशेब सरळ आहे. मूळ भाग एकच असतो. तो ज्याच्या हाती, त्याला हवी ती किंमत मागता येते.

म्हणूनच पूर्वी शेव्हरोलेसाठी बाहेर काढलेली फेरारी इंजिने नंतर शोधून काढली गेली. कोणाच्या तळघरात, कोणाच्या दुसऱ्या गाडीत सापडली. गाडी एकाची आणि तिचे इंजिन दुसऱ्याचे, असे अर्धे-अर्धे मालक अनेक वर्षे एकमेकांशी वाटाघाटी करत राहिले. दोन्ही एकत्र आले की बेरीज दोन्ही भागांच्या किमतीहून मोठी होते.

जिथे इंजिन सापडतच नाही तिथे फेरारी कंपनी स्वतः पुढे आली. २००० च्या दशकात तिने जुन्या गाड्यांसाठी वेगळा विभाग उघडला. हा विभाग जुन्या नोंदी पाहून प्रमाणपत्र देतो आणि गरज पडल्यास मूळ नकाशांवरून नवा ब्लॉक ओतूनही देतो. असे इंजिन कारखान्याचेच असते, बरोबर जातीचे असते, पण साठ वर्षांपूर्वीचे नसते. बाजाराने त्याला मधली जागा दिली आहे: उपऱ्या इंजिनापेक्षा बरे, जन्मजात इंजिनापेक्षा कमी. अस्सलपणाचा शिक्का देण्याचा अधिकार आणि तो शिक्का मिळण्याजोगा भाग विकण्याचा अधिकार एकाच हाती असावा का, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

इंदूरच्या गाडीचा आकडा

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात १९२८ ते १९३७ च्या दरम्यान बनलेल्या ड्यूसेनबर्ग ‘मॉडेल जे’ या गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. यांतली प्रत्येक गाडी जाणकारांच्या तोंडी असते ती तिच्या इंजिनाच्या क्रमांकाने: जे-१०१, जे-२५०, अशी. सांगाड्याचा क्रमांक वेगळा असतो, पण गाडीचे नाव म्हणून तो वापरला जात नाही. इथे इंजिनाने गाडीला आपले नावच दिले आहे. त्या नावांतले एक आपल्या ओळखीचे आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यावर सुपरचार्जर असलेली ड्यूसेनबर्ग मागवली आणि लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून तिच्यावर दोन आसनांची लांबलचक बॉडी चढवून घेतली. जे-५८५ हा तिचा क्रमांक. आधुनिक कलेची जाण असलेल्या, माणिकबाग राजवाडा जर्मन वास्तुकाराकडून बांधून घेणाऱ्या राजाची ती निवड होती. ही गाडी पुढे अमेरिकेत गेली आणि आज जगातल्या सर्वांत नावाजलेल्या ड्यूसेनबर्गांत ती मोजली जाते.

ड्यूसेनबर्गच्या काळातही इंजिने एका गाडीतून दुसरीत जात, बॉडीही जात. म्हणून या गाड्यांच्या अमेरिकन क्लबने प्रमाणपत्रांची पद्धत बसवली. सांगाडा, इंजिन, बॉडी आणि बॉनेटमागच्या पत्र्यावरची क्रमांकाची पट्टी यांतले काय काय जन्मापासून एकत्र आहे, ते तपासून गाडीला दर्जा दिला जातो. या पद्धतीत एक शहाणपण आहे. बदल झाला म्हणून गाडीला खोटी ठरवत नाहीत. काय बदलले ते लिहून ठेवतात आणि किंमत खरेदीदारावर सोपवतात.

आपल्याकडची गोष्ट

जी ड्यूसेनबर्ग बाहेर गेली तिच्या वाट्याला नोंदी आणि प्रमाणपत्रे आली. ज्या गाड्या इथेच राहिल्या त्यांची कथा निराळी आहे.

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर, देशात भाग बनवण्याची योजना नसलेल्या परदेशी कंपन्यांना जागा उरली नाही आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत जनरल मोटर्स व फोर्ड निघून गेल्या. रस्त्यावरच्या शेव्हरोले, फोर्ड, ब्यूइक गाड्या मात्र राहिल्या. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये जुळवलेल्या डॉज आणि प्लिमथ राहिल्या. परकीय चलनाची टंचाई, आयातीचे परवाने, त्यात १९७३ नंतर भडकलेले पेट्रोल. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि राजवाड्यांतल्या कितीतरी गाड्या मिळेल त्या किमतीला बाहेर पडल्या. सहा किंवा आठ सिलिंडरच्या या गाड्यांना पेट्रोल पाजणे आणि त्यांचे पिस्टन मिळवणे, दोन्ही आवाक्याबाहेर गेले.

मग मेस्त्री पुढे आले. मद्रासच्या सिम्पसन कंपनीत बनणारे पर्किन्सचे डिझेल इंजिन, नाहीतर पुण्याच्या बजाज टेम्पोच्या मॅटाडोरचे इंजिन जुन्या गाडीत बसू लागले. हे काम सोपे नव्हते. इंजिनाचे पाय टेकायच्या जागा नव्याने वेल्ड करायच्या, इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये लोखंडाची जाड तबकडी कातून बसवायची, मागे जाणारा शाफ्ट कापून त्याची लांबी जमवायची, जड इंजिनासाठी पुढच्या स्प्रिंगांना पाने वाढवायची. गाडी थरथरत असे, पण चालत असे. ती लग्नाच्या वरातीत गेली, चित्रपटात दिसली, एखाद्या कुटुंबाला गावी घेऊन गेली. काढलेले मूळ इंजिन बहुधा किलोच्या भावाने भंगारात गेले.

न्यू यॉर्कच्या किंवा लंडनच्या नियमाने ही गाडी सरळ खालच्या दर्जाची. पण ‘ओल्ड नंबर वन’चा न्याय लावला, तर प्रश्न बदलतो. हे इंजिनही गाडीच्या चालत्या आयुष्यातच आले, तिला जिवंत ठेवण्यासाठी आले. फरक दोन गोष्टींत आहे. एक, तिच्या इतिहासात ल माँ नाही, टंचाई आहे. आणि टंचाईला लिलावात बोली लागत नाही. दोन, बदलाची नोंद नाही. इंजिन बदलले की आरटीओत ते नोंदवणे कायद्याने आवश्यक आहे. तरीही आरसी बुकात एक आकडा आणि बॉनेटखाली दुसरा, अशा गाड्या निघतातच. तिथे किंमत उतरते ती इंजिन परके म्हणून कमी आणि कागद जुळत नाहीत म्हणून अधिक.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीसाठी नवे नियम केले. गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी, मूळ रूपात राखलेली हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशा गाडीला वेगळ्या मालिकेतला क्रमांक मिळतो आणि जुना क्रमांक असेल तर तो ठेवता येतो. जुन्या गाड्यांना कायद्यात मानाची जागा मिळाली, ही चांगलीच गोष्ट. परंतु ‘मूळ रूप’ या शब्दाने नकळत एक मोह निर्माण होतो. ज्याच्या गाडीत मॅटाडोरचे इंजिन आहे त्याने ते काढून परदेशातून योग्य जातीचे जुने इंजिन आणावे, आणि आणलेच आहे तर त्यावर आरसी बुकातला आकडाही ठोकून टाकावा, असे त्याला वाटू शकते. गाडी देखणी होईल, कागद जुळेल, किंमतही वाढेल. आणि त्या गाडीच्या आयुष्यातली पन्नास वर्षे पुसली जातील.

डिझेल इंजिन काढूच नये, असे मला म्हणायचे नाही. मालकाला आपली डॉज पुन्हा मूळ जातीच्या पेट्रोल इंजिनावर, तिच्या जुन्या आवाजात ऐकायची असेल, तर तो त्याचा आनंद आहे. आपल्या देवळांच्या बाबतीत आपण जीर्णोद्धार हा शब्द अभिमानाने वापरतो. पडलेली भिंत नवी बांधली म्हणून देऊळ खोटे ठरत नाही. मात्र जुन्या काळी जीर्णोद्धार करणारा बहुधा शिलालेखही कोरून ठेवी: अमुक शके, अमक्याने हे काम केले. गाड्यांच्या बाबतीत आपण नेमके हेच सोडून दिले आहे.

करण्यासारख्या गोष्टी फार अवघड नाहीत. जाम झालेले का होईना, मूळ इंजिन हाताशी असेल तर ते भंगारात घालू नये. गाडीसोबत ठेवावे, गाडी विकताना सोबत द्यावे. बदललेले इंजिन कधी, कुठे, कोणी बसवले, ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आणि जुन्या मेस्त्र्यांना विचारून लिहून घ्यावे, कारण ही माणसे आता थोडीच उरली आहेत. जुनी बिले, आरटीओच्या पावत्या, गाडीपुढे उभे राहून काढलेले फोटो एका फायलीत लावावेत. नवा ब्लॉक आणला, तर त्यावर त्याचाच आकडा राहू द्यावा.

परक्या इंजिनाची गाडी घेताना किंमत कमी देणे हा खरेदीदाराचा हक्क आहे, आणि दुर्मिळ इंजिनामुळेच मोठी झालेली गाडी असेल, तर ती कितीही कमी दिली तरी रास्त ठरेल. पण ज्या गाडीचे मोल तिच्या आयुष्यात आहे, तिच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळा: हे इंजिन इथे कसे आले, ते कोणी सांगू शकेल का? ज्या मालकाकडे या प्रश्नाचे लेखी उत्तर आहे, त्याच्या गाडीतले इंजिन मूळचे नसले तरी गाडी अस्सल आहे.